मामाजींच्या डिक्कीत मावेल अशी सायकल

अमरावतीला जाताना मी पुण्याहून एक रिकामं खोकं घेऊन गेलो. रिकामं म्हणजे अगदी रिकामं. चपटं करून सुटकेसमध्ये ठेवलेलं, सोबत चिकटपट्टीचं एक वेटोळं. घडी घातलेली इलेक्ट्रिक सायकल लांबी-रुंदी-उंचीला जेवढी भरते, बरोबर तेवढं मोजून कापलेलं. दुकानातून सायकल आणायची, मग ती गाडीच्या डिक्कीत मावत नाही असा शोध लावायचा आणि परत करताना दुकानदाराशी हुज्जत घालायची, हे सगळं टाळण्याचा हा माझा शास्त्रशुद्ध उपाय होता. बायकोला खोकं दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडे फार कुणाला दाखवू नकोस." एवढी हुशारी गुप्त ठेवावी, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आता सायकल कशासाठी, ते सांगतो. माझी सासुरवाडी वऱ्हाडातली. सासऱ्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे मी मामाजी म्हणतो. सत्तरी ओलांडलेला हा माणूस आयुष्यभर वांगी, मेथी आणि झेंडू पिकवत आला. घर अमरावतीच्या कडेला आणि वावर, म्हणजे शेत, कौंडण्यपूरच्या वाटेवर. डांबरी सडक एका कडुनिंबापाशी सोडायची आणि तिथून अडीच किलोमीटर पांदणीने जायचं. पांदण म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांनी खणलेली, दोन्हीकडून बाभळींनी दाबलेली मातीची वाट. मोटार घातली की तिचं पोट टेकतं. मामाजी मोटरसायकलने थेट वावरात जायचे. दिवाळीत ते पांदणीत गाडीसकट पडले आणि घरच्यांनी मोटरसायकल विकून टाकली. मग ते आपली जुनी छोटी मोटार कडुनिंबाखाली लावून पायी जाऊ लागले. पुढे गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि जानेवारीपासून वावर बंद झालं.

शेजारचा शेतकरी गजानन पाणीपाळी बघत होता, आणि त्याला ते वावर ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या ठरावाने, कसायला हवं होतं. हैदराबादला असलेल्या माझ्या मेव्हण्याने, प्रशांतने, फोनवरच ठरवून टाकलं, की गुढीपाडव्याला गजाननला वावर द्यायचं. मामाजी होही म्हणाले नाहीत आणि नाहीही. फक्त एका संध्याकाळी लेकीला फोनवर म्हणाले, "मंजू, वावरात पाय नाई ठेवला त मले जेवन जात नाई."

मंजू म्हणजे माझी बायको. तिने त्याच रात्री तोडगा काढला: कडुनिंबापर्यंत मोटार, पुढे घडीची इलेक्ट्रिक सायकल. सायकल तिथंच ठेवावी तर सडकेवर वस्ती नाही, आणि ती सकाळपर्यंत तिथं राहील याची हमी कुणी देईना. तेव्हा ती रोज डिक्कीतून न्यायची आणि आणायची. मंजूची शाळा परीक्षांमुळे सुटणार नव्हती. मी नुकताच निवृत्त झालो असल्यामुळे माझ्या वेळेला घरात फारशी किंमत नव्हती. पाडवा सोमवारी होता. मी बुधवारी अमरावतीला उतरलो.

अमरावती, बुधवार

वऱ्हाडात जावई म्हणून गेल्याशिवाय आपण किती निरुपयोगी होऊ शकतो याची कल्पना येत नाही. पुण्यात सासुरवाडीला गेलो असतो तर सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज जरा कमी करून "चहा घेणार का?" असं नाही म्हणायला सोपं जाईल अशा सुरात विचारलं असतं. इथे स्टेशनावर मामाजी स्वतः हजर. माझी सुटकेस मी खाली ठेवायच्या आत त्यांनी हमालाला घ्यायला लावली.

"मी घेतो की," मी म्हटलं.

"तुमी नका," ते म्हणाले. "लोकं पाहून राहिले."

मोटारीत मी पुढचं दार उघडलं तर त्यांनी ते हळूच बंद केलं आणि मागचं उघडलं. "मांगं बसा, आरामशीर." मग सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गाडी चालवावी आणि पंधरा वर्षांनी लहान माणसाने मागे एखाद्या मंत्र्यासारखं बसावं, अशी आमची स्वारी निघाली. सीट जरा कुरकुरत होतं आणि प्रत्येक गतिरोधकाला माझ्यासकट दोन बोटं पुढे सरकत होतं. जुनी गाडी, म्हटलं, चालायचंच.

घरी सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, पाटवडीचा रस्सा, भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि वर जावयाचा मान म्हणून पुरणपोळी केली होती. पुरणपोळीवर तूप वाढताना मी "पुरे" म्हटलं. पुण्यात पुरेचा अर्थ पुरे असा होतो. मामींनी तो "संकोच करतो" असा घेतला. तिसऱ्यांदा मी ताटावर हात आडवा धरला, तेव्हा त्या मामाजींना म्हणाल्या, "पुन्यात यायले कोनी जेवाले घालत नाई वाटते."

जेवणानंतर मी अंगणात खोकं उभं केलं, चिकटपट्ट्या लावल्या आणि डिक्की उघडून आत सरकवलं. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून ते असं बसलं, की मला स्वतःचा अभिमान वाटला. शेजारचे तिघे-चौघे कुंपणापाशी येऊन उभे होते.

"काय हाय त्याच्यात?" एकाने विचारलं.

"काही नाही. रिकामं आहे."

"मंग ठेवून काहून राहिले?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते घरोघर गेले. मामाजी खोक्याकडे बराच वेळ बघत होते. "बराबर बसते," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायला हवा होता तो दिसला नाही. प्रवासाचा शीण मला होता, पण तो त्यांना आला असावा असं समजून मी झोपायला गेलो.

अमरावती, गुरुवार

सकाळी दुकानांत जाण्यासाठी डिक्की उघडली. खोकं जड झालं होतं. त्यात तुरीची डाळ, मूगवड्या, ज्वारीचे पापड, कुरड्या आणि वर संत्री अशी शिस्तीत भरणी झालेली होती. संत्र्यांवर वर्तमानपत्र आणि त्यावर माझीच चिकटपट्टी.

"मामी, हे सायकलीचं माप आहे!"

"असू द्या ना," मामी म्हणाल्या. "माहेरात जवाई रिकामं खोकं घेऊन आला अन् रिकामंच घेऊन गेला, असं मंजूले सांगू का मी?"

जावयाचं रिकामं भांडं त्या घरातून रिकामं परत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि ही परंपरा माझ्या संशोधनासाठी मोडावी असं मामींना वाटायचं काही कारण नव्हतं. खोकं घरात ठेवून मी मोजपट्टी खिशात घातली.

अमरावतीत आम्ही तीन दुकानं बघितली. पुण्यात दुकानदाराला वस्तूबद्दल विचारलं की त्याला आपण त्याच्या झोपेबद्दल विचारतोय असं वाटतं. इथे वस्तूबद्दल विचारायला वेळच मिळत नव्हता. आधी चहा, मग गाव कोणतं, मग मी कोणाचा कोण. "जवाईबापू हाय का? पुन्याचे?" एवढं कळलं की समोरच्या गाडीवरून गिलावडा यायचा. हा दह्यात बुडालेला, चटण्यांनी माखलेला वडा फार चविष्ट असतो आणि सकाळी अकराच्या आत तीनदा खाल्ला तर माणूस सायकलीच्या मापांबद्दल उदार होतो.

मग सायकल यायची. दुकानातली दोन धडधाकट माणसं ती खटाखट घडी घालायची, एक-दोन-हुप्प करून मामाजींच्या डिक्कीत ठेवायची आणि ओरडायची, "बसते! बसते!" मी हात लावायला पुढे झालो की मामाजी माझं मनगट धरायचे. "तुमी नका."

प्रत्येक दुकानात सायकल बसली. प्रत्येक दुकानात मामाजींना ती पसंत पडली नाही.

पहिलीची चाकं लहान. "ही सायकल हाय का पाळन्याचा गाडा? पांदनीतल्या चाकोरीत गेली त दिसन बी नाई."

दुसरीचं सीट टोचतं. बसून न बघता त्यांनी हे सांगितलं.

तिसरीची घंटी. मी दुकानात उभा राहून ऐकलं, त्यांना घंटीचा आवाज आवडला नव्हता. पांदणीत घंटी कुणासाठी वाजवायची होती कोण जाणे, होल्या-पारव्यांसाठी असेल.

माझं डोकं फिरलं. पाडव्याला चार दिवस उरले होते. परत येताना गाडीत मी गप्प बसलो होतो आणि मागच्या सीटवर एकटा बसलेला माणूस गप्प बसला की तो अगदीच रुसल्यासारखा दिसतो. रात्री मंजूला फोन केला. "बाबा नखरे करतायत. घंटी आवडली नाही म्हणे."

"बाबा आयुष्यात कधी नखरे करत नाहीत," ती म्हणाली. "तू नीट बघ."

मी नीटच बघत होतो. मोजपट्टी घेऊन बघत होतो. त्याच वेळी बाहेर मामाजींना प्रशांतचा फोन आला होता. गजानन पाडव्याला दोन माणसं साक्षीला घेऊन येणार, एवढं त्यांनी मामींना सांगितलं आणि ते जेवायला आले. दीड भाकरीतली अर्धी त्यांनी ताटात ठेवली.

अकोला, शुक्रवार

तिन्ही दुकानदारांनी एकच नाव सांगितलं होतं: अकोल्याच्या जुन्या शहरातले सलीमभाई. ज्याच्या दुकानातून गिऱ्हाईक काही न घेता परत जातं त्याने दुसऱ्या शहरातल्या दुकानाचा पत्ता आपणहून द्यावा, हेही मला नवीन होतं.

सकाळी सातलाच निघालो. या रस्त्याला घाट नाही, वळण नाही, नजरेला आडवं येईल असं काही नाही. दोन्ही बाजूंनी काळी माती, नांगरून उघडी टाकलेली, आणि मधूनमधून बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला इथे आधी चुकल्यासारखं होतं, मग तासाभराने छाती मोकळी झाल्यासारखं वाटतं. मूर्तिजापूरला चहा घेतला. मामाजी उतरून एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेले, ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं आणि हात झटकून परत आले.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलो की गल्ल्या अशा आवळत जातात, की समोरून आलेल्या हातगाडीला वाट द्यायची तर कुणाच्या तरी ओसरीत शिरावं लागतं. सलीमभाईंचं दुकान अशाच एका गल्लीच्या तोंडाशी. साठीचे, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर ढकललेला. आजोबांपासून सायकलींचा धंदा. त्यांनीही चहा मागवला, पण मी कोणाचा कोण ते विचारलं नाही. विचारलं ते असं:

"चालवनार कोन?"

"हे," मी मामाजींकडे बोट दाखवलं आणि खिशातून मोजपट्टी काढली. "डिक्कीची लांबी—"

"ते राहू द्या. रस्ता कसा हाय?"

मामाजींनी पांदणीचं वर्णन केलं. सलीमभाईंनी आतून एक रुंद टायरांची, ठेंगणी, घडीची सायकल काढली, पाना घेतला आणि बोलता बोलता तिचे दोन्ही मडगार्ड काढून टाकले. "काळ्या मातीत हे पाहिजेच नाई. पाऊस झाला की चाक अन् मडगार्डच्या मधात चिखल बसते, सायकल जागची हालत नाई. अंगावर उडते तर उडू द्या, काका. वावरात कोन पाहते?"

मामाजी हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी सायकल गल्लीत एक चक्कर फिरवून आणली आणि घंटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाटलं, झालं काम.

दुकानातला कामगार नेहमीप्रमाणे उचलायला पुढे आला. सलीमभाईंनी त्याला थांबवलं. "काका, रोज तुमीच करनार ना? मंग तुमीच घडी घाला अन् ठेवा डिक्कीत. मी पाहतो."

मी पुढे झालो.

"तुमी त पुन्याले जासान," सलीमभाई म्हणाले. "का रोज येनार हाय कडुनिंबाखाली?"

मामाजींनी सायकलीची घडी घातली. त्यांचे हात अशा कामाला पटकन सरावतात. मग ते त्या गाठोड्याकडे बघत उभे राहिले. एक हात फ्रेमला लावला. काढला. "ऊन लय तापलं," असं म्हणून ते दुकानाच्या बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाच्या रसवंतीकडे चालू लागले.

"आता यात काय खोट निघाली?" मी चिडून म्हटलं.

"सायकलीत खोट नाई, साहेब," सलीमभाई हलक्या आवाजात म्हणाले. "त्यायच्या सदऱ्याखालून पट्टा दिसून राहिला. पोटाचं ऑपरेशन झालेलं हाय का?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर फिरलो होतो, त्यांच्या घरी जेवलो होतो, डिक्कीचा कोपरान्‌कोपरा मोजला होता. त्या माणसाच्या पोटाला पट्टा बांधलेला आहे हे मला दिसलं नव्हतं.

रसवंतीवर मामाजी बाकावर बसले होते. समोर रसाचा ग्लास तसाच. मी शेजारी बसलो. ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"हर्निया होता. जानेवारीत केलं. मंजूले गुडघ्याचंच सांगतलं. डॉक्टरनं सांगतलं, दहा किलोच्या वर उचलाचं नाई. ही सायकल वीसच्या वर भरते. तीनही दुकानातल्या तितक्याच. जवायाले असं सांगतात का, जवाईबापू? ज्या मानसानं भाजीचे दोन-दोन कॅरेट एका दमात चढवले त्यानं?"

"पण पहिल्याच दिवशी नुसतं नको म्हणायचं होतं."

"कसं म्हननार? तुमी पुन्याहून खोकं घेऊन आले. एवढ्या हौसेनं."

मला इतकी लाज वाटली, की मी मोजपट्टी खिशात पार खाली दाबली. जावयाने उचलायचं नाही, सासऱ्यांनी उचलता कामा नये आणि दुकानांतल्या लोकांनी पाहुण्यांना काही उचलू द्यायचं नाही. अशा सगळ्या आदबीच्या माणसांनी मिळून तीन दुकानांत सायकली डिक्कीत ठेवल्या होत्या आणि "बसते, बसते" म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. सडकेच्या टोकाला ती बाहेर कोण काढणार, हे एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. सगळ्यांत कमी विचार ज्याच्या खिशात मोजपट्टी होती त्याने केला होता.

परत आलो तर सलीमभाईंचं अर्धं अंग आमच्या मोटारीत होतं. मागचं सीट ते हाताने हलवून बघत होते.

"हे कोनं बसवलं? एक बी नट आवळलेला नाई."

मामाजी खाली बघू लागले.

"काका?"

"ते... जवाईबापू येनार होते म्हनून," मामाजी म्हणाले. "मंजूची माय म्हने, जवायाले काय कॅरेटवर बसवता का? मंग मंगळवारी बसवलं कसंतरी."

"अन् एरवी?"

"एरवी सीट अंगनात असते. ती त्याच्यावर बसून मेथी निवडते. गाडीत भाजीचे कॅरेट."

म्हणजे पुण्याहून मी ज्या डिक्कीसाठी खोकं कापून आणलं होतं, ती डिक्की फक्त मी आल्यावर अस्तित्वात येत होती. माझ्या आधी आणि माझ्यानंतर त्या गाडीत डिक्की नव्हतीच. पुढच्या सीटांपासून मागच्या दारापर्यंत सलग मोकळी जागा होती, तीत बसायला सायकलीची घडी घालायचीही गरज नव्हती.

सलीमभाई आणि मामाजींनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्यानंतर मला कुणी विचारात घेतलं नाही. दहा मिनिटांत सीट बाहेर. सलीमभाईंनी हँडलवरचं एक बटण दाखवलं: ते दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने आपणच पुढे सरकते, चढावर हाताने न्यायची असेल तर उपयोगाला.

"फळी हाय घरी," मामाजी एकदम म्हणाले. "कॅरेट चढवाची."

"मंग झालं ना, काका! फळी लावा, बटन दाबा, ते चढते. तुमी नुसता हात धरा."

दुकानातलीच एक जुनी लाकडी पाटी लावून बघितली. सायकल गुरगुरत वर चढली, हँडल आडवं केलं, पुढचं डावं सीट पार पुढे ढकललं आणि मागचं दार लागलं. मामाजींनी ती उतरवली. पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. गल्लीतली माणसं जमली होती. पाचव्यांदा सलीमभाई म्हणाले, "काका, बॅटरी घरासाठी राहू द्या थोडी." सायकलीच्या मधल्या बिजागरीचा खटका त्यांनी पान्याने कायमचा आवळून टाकला. माती शिरली की ती जाम होते म्हणे, तेव्हा उघडायचीच नाही. अशा रीतीने घडीची सायकल शोधायला निघालेलो आम्ही, जिची घडी कधीही घालायची नाही अशी सायकल घेऊन परत फिरलो.

सीट दोरीने टपावर बांधलं. ते सोडून येणं शक्य नव्हतं, घरी मेथी होती. पुढे ढकललेल्या सीटवर मी गुडघे हनुवटीला लावून बसलो. एका वळणावर मामाजींनी विचारलं, "आराम हाय ना?" मी हो म्हटलं. ते "बरं" म्हणाले आणि गाणं गुणगुणू लागले.

कडुनिंबाखाली, शनिवार

सकाळी साडेसहाला कडुनिंब गाठला. मामींनी डबा दिला होता, तो सायकलीच्या हँडलला अडकवला. फळी लावली. मामाजींनी बटण दाबलं, सायकल खाली उतरली. हँडल सरळ केलं, सवयीने गाडीला कुलूप घातलं, चप्पल झटकली, बसले. मी काहीतरी समारंभाचं बोलणार होतो. शब्दही जुळवले होते.

ते गेले. "येतो" म्हणाले नाहीत, "तुमी सावलीत बसा" म्हणाले नाहीत, मागे वळूनही बघितलं नाही. चाकोरी सोडून मधल्या उंचवट्यावरून सायकल सरळ निघाली. बाभळींमधून काही वेळ त्यांचा पांढरा सदरा दिसला, मग तोही दिसेना. घुर्र असा बारीक आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला.

अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं, की गाडीची किल्ली त्यांच्या खिशात आहे. पाण्याची बाटली गाडीत, आणि गाडी बंद. फोन केला तर वाजत राहिला.

या सडकेने पुढे कौंडण्यपूर लागतं, रुक्मिणीचं माहेर. तिकडे जाणारे लोक कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या माणसाला बघून थांबत होते. "कोनाचे हाय?" "मामाजींचा... म्हणजे त्यांचा जावई." "मंग अठी काहून उभे? घरी कोनी नाई का?" तिथल्या एका प्रसिद्ध जावयाने मुलगी थेट रथात घालून नेली होती, आणि पाहुणचाराला थांबलाच नव्हता. चौथ्या माणसाला माझी हकीगत सांगताना मला त्या जावयाचं वागणं पटू लागलं. त्या चौथ्या माणसाने आपल्या थैलीतली दोन संत्री दिली, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

दोन तासांनी घुर्र ऐकू आलं. सायकलीच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या पिशव्या लोंबत होत्या. मामाजींचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती. चेहरा संतापाने लाल. इतका आनंदी संताप मी फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर बघितला आहे.

"तुमी अठीच?" ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"किल्ली," मी म्हटलं.

त्यांनी खिसा चाचपला, किल्ली माझ्या हातात दिली आणि विषय संपवला. "वांग्याले अळी लागली. एक बी ओळ बिना अळीची नाई. पाइप दोन जागी फुटलेला, पानी सगळं धुऱ्यात जाऊन राहिलं. झेंडू आज तोडाले पाहिजे होता, पाडव्याचा भाव उद्या राहीन, परवा कोन घेते? मेथीत ढोरं शिरले होते, खुरं दिसून राहिले. दोन महिने! दोन महिन्यांत काय करून ठेवलं पाहा!"

मी खरोखर खूश झालो. त्यांच्या वांग्यांना अळी लागल्यावर खूश होणं बरं दिसत नाही म्हणून तोंड फिरवून गाडीतली बाटली काढली आणि पाणी प्यायलो. मामाजींनी फळी लावली. सायकल वर चढवली, हँडल आडवं केलं. मग मागच्या दाराशी टेकून त्यांनी फोन काढला आणि कानाला लावला.

"गजानन? हाओ, मीच. वावरातून येऊन राहिलो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "सायकलनं. त्या पाइपाचं काय केलं तू? बरं, ते राहू दे, म्या बांधला. उद्या सकाळी ये, झेंडू तोडू, तुया बी घरचे घेऊन ये, आर्धी फुलं तू ने. अन् पाडव्याले त्या दोन मानसायले नको आनू. वावर ठोक्यानं देनं नाई."

पलीकडे गजानन बराच वेळ बोलत होता. त्याचा आवाज मला इथपर्यंत येत होता, शब्द नाही. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"काहून म्हंजे?" ते म्हणाले. "मी आहो ना."